केकवरची साखर : बेंगळुरू आणि घरगुती केकसजावटीचा इतिहास

विषय पाहून तुमच्यापैकी काहींनी पान उलटायचे ठरवले असेल. इतिहास म्हटला की तह, लढाया, कायदे. त्यात केकवरच्या क्रीमला काय स्थान? पण तुमच्यापैकी कुणीतरी या वर्षी वसतिगृहातल्या मैत्रिणीसाठी किंवा धाकट्या भावासाठी घरी केक करून तो सजवणारच आहे. दहा-बारा माणसांचा छोटा समारंभ, एक किलोचा केक, हाताशी पिठीसाखर आणि यूट्यूब. मग क्रीम घसरते, केकचा चुरा आयसिंगमध्ये येतो, काढलेले गुलाबाचे फूल तासाभरात बसते. यातल्या प्रत्येक घटनेला भौतिक कारण आहे आणि त्या कारणामागे इतिहासही आहे. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो, त्यामुळे मला पदार्थाचे गुणधर्म आधी दिसतात; पण हे पदार्थ आपल्या स्वयंपाकघरात आले कसे, हा प्रश्न मला त्याहून महत्त्वाचा वाटतो.

सुरुवात साखरेपासून करू. 'शर्करा' हा आपला शब्द फारसी-अरबीमार्गे युरोपात गेला आणि तिथल्या बहुतेक भाषांत साखरेचे नाव झाला. 'खंड' शब्दाचे पुढे 'कँडी' झाले. उसाच्या रसापासून दाणेदार साखर करण्याची विद्या भारतात विकसित झाली, हे अभ्यासक मान्य करतात. तेव्हा साखरेने सजावट करणे ही आपण इंग्रजांकडून शिकलेली गोष्ट आहे, असे समजण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांनी संक्रांतीचा हलवा आठवावा. तीळ, खसखस किंवा साबुदाणा परातीत घेऊन मंद आचेवर त्यावर चमच्या-चमच्याने पाक सोडायचा आणि हाताने सतत फिरवत राहायचे. प्रत्येक थर वाळला की पुढचा. दोन-तीन दिवस हे काम चालते आणि मग दाण्यावर काटा येतो. त्याच दाण्यांचे हार, बाजूबंद, मुकुट करून नव्या सुनेला आणि बोरन्हाणाच्या बाळाला घालतात. काटा थंडीत चांगला येतो, हे आजीला ठाऊक असते. कारण सांगायचे तर, हवा कोरडी असली की पाकातले पाणी लवकर उडते आणि साखरेचे स्फटिक टोकदार वाढतात.

आता केकच्या दुकानात मिळणारे रंगीत दाणे आणि चांदीच्या गोळ्या पाहा. मध्ये एक बी किंवा साखरेचा कण, त्यावर पाकाचे थरावर थर. तंत्र तेच आहे, फक्त परातीऐवजी फिरता पिंप आला. जेवणानंतर खाल्ली जाणारी रंगीत बडीशेपही याच कुळातली. ही एकच विद्या अनेक नावांनी जगभर आहे, आणि मराठी घरात तिचे दागिने होतात, हे मला केकशोमधल्या कोणत्याही साखरी महालापेक्षा अधिक थोर वाटते.

बेंगळुरूला संक्रांतीत आणखी एक गोष्ट पाहायला मिळते. तिला कन्नडमध्ये 'सक्करे अच्चु' म्हणतात. साखरेचा पाक दूध घालून स्वच्छ करतात, घट्ट झाला की लाकडी साच्यात ओततात. काही मिनिटांत हत्ती, मोर, तुळशीवृंदावन, पोपट असे शुभ्र आकार बाहेर येतात. ते 'एळ्ळु-बेल्ला' म्हणजे तीळ, गूळ, खोबरे, शेंगदाणे यांच्या मिश्रणाबरोबर घरोघरी वाटतात. आपल्याकडच्या गुढीपाडव्याच्या साखरगाठीही अशाच साच्यातल्या, मध्ये दोरा घातलेल्या. मागचे रसायनशास्त्र साधे आहे. २० अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते, उकळत्या पाण्यात जवळजवळ ४८० ग्रॅम. गरम असताना विरघळलेली जादा साखर थंड होताना बाहेर पडू पाहते. तिला साचा दिला की हत्ती होतो, ढवळले की बारीक दाणा होतो.

म्हणजे साखर आपली, साचे आपले. केक आणि त्यावरचे पांढरे आयसिंग मात्र बाहेरून आले. १८४० साली राणी व्हिक्टोरियाच्या लग्नातला केक सुमारे ३०० पौंडांचा, म्हणजे १३६ किलोंच्या आसपास होता. अंड्याचा पांढरा बलक आणि वस्त्रगाळ साखर फेटून केलेल्या ज्या कडक, पांढऱ्या लेपाला 'रॉयल आयसिंग' म्हणतात, ते या राजघराण्याशी जोडले गेले. त्या काळी पांढरीशुभ्र साखर महाग होती. केक जितका पांढरा तितके घर श्रीमंत. १८७४ साली ब्रिटनने साखरेवरील आयातकर पूर्ण काढून टाकला आणि साखर सामान्यांच्या टेबलावर आली.

ही साखर पिकवत कोण होते? ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी बंद करण्याचा कायदा १८३३ चा. उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून १८३४ पासून भारतातून करारबद्ध मजूर मॉरिशसला जाऊ लागले. त्यांत मुंबई इलाख्यातून, कोकणातून गेलेली मराठी माणसेही होती. मॉरिशसमध्ये आजही मराठी समाज आहे, तिथे गणेशोत्सव होतो, शाळांत मराठी शिकवली जाते. आपण त्याकडे अभिमानाने पाहतो. लंडनच्या लग्नाच्या केकवरचा तो पांढरा थर आणि कोकणातून मळ्यात गेलेला तो माणूस एकाच हिशेबाच्या वहीत होते, हे सहसा कुणी सांगत नाही. आज तुम्ही बेंगळुरूत विकत घेता ती पिठीसाखर बहुधा कर्नाटक-महाराष्ट्राच्या उसाची असते. १९३२ च्या संरक्षक कायद्यानंतर देशात कारखाने झपाट्याने वाढले, मंड्याचा म्हैसूर शुगर कारखाना १९३३ चा, प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० चा. ऊस तोडायला बीडकडच्या जोडप्यांनी दरवर्षी घर सोडून कर्नाटकापर्यंत जाण्याचे अजून थांबलेले नाही.

आता बेंगळुरूकडे येऊ. १८०९ च्या सुमारास इथे इंग्रजांची छावणी बसली. छावणी आली की पाव आला, बिस्किटे आली, नाताळचा केक आला. भारतात नाताळचा केक पहिल्यांदा कुणी केला यावर केरळातल्या तलश्शेरीचा दावा प्रसिद्ध आहे. मांबळ्ळी बापू नावाच्या बेकरीवाल्यांनी १८८३ साली एका इंग्रज मळेवाल्याने दिलेल्या नमुन्यावरून केक बनवला, असे तिथे सांगतात. ही परंपरेने आलेली हकीकत आहे. अशा हकिकती इतिहासाच्या विद्यार्थ्याने फेकून देऊ नयेत आणि जशाच्या तशा गिळूही नयेत. 'भारतातला पहिला' हे सिद्ध करणे जवळपास अशक्य असते, कारण ज्या खानसाम्यांनी साहेबांच्या बंगल्यात त्याआधी केक भाजले असतील त्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. पण एका भारतीय दुकानदाराने स्वतःच्या भट्टीत तो पदार्थ आपलासा केला, एवढे त्या हकिकतीतून नक्की घ्यावे.

बेंगळुरूची हकीकत मला त्याहून रंजक वाटते. चिकपेट भागात १८९८ साली हासनकडच्या तिरुमलाचार व त्यांच्या भावाने बी. बी. बेकरी काढली आणि तिथून 'अय्यंगार बेकरी' ही परंपरा सुरू झाली, असे मानतात. वैष्णव ब्राह्मण घरातल्या माणसांनी पाव भाजायचा, हे त्या काळी किती अवघड असेल याचा विचार करा. पाव म्हणजे परक्यांचे अन्न, धर्मांतराशी जोडलेले. आपल्याकडे विहिरीत पाव टाकून बाटवल्याच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. या बेकऱ्यांनी त्यावर उत्तर काढले ते मालातच. अंड्याविना पदार्थ, हिरवी मिरची-कोथिंबीर घातलेला खारा बन, भाजीचे पफ, मसाला शेंगदाणे. ज्या घरात अंडे येत नव्हते त्या घरात बेकरीची पिशवी येऊ लागली. आज कर्नाटकातल्या लहान गावातही 'अय्यंगार बेकरी' अशी पाटी दिसते. सगळ्या पाट्यांमागे अय्यंगार असतातच असे नाही. तो आता एक प्रकार झाला आहे.

याच बेकऱ्यांतला हनी केक तुम्ही नक्की पाहा. स्पंजवर साखर-मधाचा पाक मुरवलेला, वर लाल जॅमचा पातळ थर आणि त्यावर सुक्या खोबऱ्याचा कीस. दिसायला साधा. मात्र अभियंत्याच्या नजरेने पाहा. पाकामुळे स्पंज कोरडा पडत नाही. जॅम चिकट असल्याने चुरा जागच्या जागी बसतो आणि पृष्ठभाग सपाट होतो. कीस घातल्यावर उरलेली ओबडधोबड जागा झाकली जाते. यात क्रीम नाही, फ्रीज नाही, नोझल नाही. दुकानाच्या काचेच्या कपाटात दिवसभर टिकतो. पहिल्यांदा केक सजवणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी, हे माझे स्पष्ट मत आहे. इंटरनेटवरचे तीन मजली गुलाबी केक पाहून सुरुवात करणारे बहुतेक जण दुसरा केक करत नाहीत.

छावणीकडची परंपरा वेगळी चालत राहिली. निलगिरी डोंगरात १९०५ साली लोण्याच्या धंद्यातून सुरू झालेले 'नीलगिरीज' दुकान १९३६ मध्ये ब्रिगेड रोडवर आले. लोणी, पाव आणि केक यांचे ते ठिकाण झाले. पुढे सत्तरच्या दशकात या शहरात वार्षिक केक प्रदर्शन सुरू झाले. 'इन्स्टिट्यूट ऑफ बेकिंग अँड केक आर्ट' या संस्थेचे शिक्षक आणि विद्यार्थी त्यासाठी महिनोन्महिने राबतात. २०२३ च्या डिसेंबरमधले प्रदर्शन एकोणपन्नासावे होते. प्रसिद्ध इमारतींच्या साखरेच्या भल्यामोठ्या प्रतिकृती, परीकथा, प्राणी. तिकीट काढून लोक मुलाबाळांसह येतात. यातले मोठे नमुने खाण्यासाठी नसतात. आत सांगाडा असतो आणि बाहेर साखरेचा लेप. म्हणजे केकसजावट इथे मूर्तिकलेच्या जवळ गेली. प्रदर्शन डिसेंबरात असते ते नाताळमुळे, पण हवेचीही त्याला साथ आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच असलेल्या या शहरात डिसेंबरची हवा थंड व बरीचशी कोरडी असते. साखर हवेतली वाफ ओढून घेते; मुंबईच्या जुलैत असा महाल उभा केला तर तो घामाने भिजल्यासारखा चिकट होईल.

मूर्तिकलेच्या जवळ गेलेल्या या कलेत आपल्याकडे शाकाहाराचा पेचही सोडवावा लागला. रॉयल आयसिंगला अंडे लागते. फाँडंटमध्ये पूर्वापार जिलेटिन घालतात आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून होते. म्हणून इथल्या कारागिरांनी वनस्पतीजन्य डिंक आणि सेल्युलोजपासून केलेली पावडर वापरून साखरेची कणीक मळायला सुरुवात केली. तयार फाँडंट विकत घेताना पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून घ्या; पाहुण्यांपैकी कुणी खात नसेल तर नंतर सांगण्यात अर्थ नसतो.

घरातल्या केकचा इतिहास लिहायला कागदपत्रे कमी, आठवणी जास्त. पूर्वी ओव्हन फार थोड्या घरांत असे. जाड बुडाच्या पातेल्यात किंवा शिटी-गॅस्केट काढलेल्या कुकरमध्ये वाळू तापवून केक भाजत. मग गोल ॲल्युमिनियमचा विजेचा ओव्हन आला, झाकणावर काचेची खिडकी असलेला. शेजारच्या चार घरांत तो फिरायचा. अंडे न चालणाऱ्या घरांत कंडेन्स्ड मिल्कच्या डब्याने केक पोहोचवला. आधी औक्षण, मग केक, हा क्रम मराठी घरांत तेव्हापासून रुळला. दिवा ओवाळायचा की मेणबत्ती फुंकायची, हा वाद दरवर्षी कुणीतरी मामा उकरून काढतातच. बहुतेक घरांनी दोन्ही ठेवून तो केव्हाच मिटवला आहे.

सजावट तेव्हा बहुधा लोणी आणि पिठीसाखरेची, किंवा पैसे वाचवायचे असतील तर डालडा आणि पिठीसाखरेची. डालडा १९३७ साली बाजारात आला. वनस्पती तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करायचे, हे त्यामागचे तंत्र. आज बेकरीत जे 'व्हिप क्रीम' म्हणून मिळते त्याचे मूळही दुधात नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत सायीच्या विक्रीवर निर्बंध होते. त्या टंचाईत १९४५ मध्ये बफेलो शहरातल्या रॉबर्ट रिच यांनी सोयाबीनपासून फेटता येणारे क्रीम तयार केले. ते गोठवून दूरवर पाठवता येते आणि वितळल्यावर पुन्हा फेटले जाते, हे लक्षात आले आणि केकच्या धंद्याचे चित्रच पालटले. दुधाच्या सायीला हे जमत नाही. भारतासारख्या उष्ण देशात अशा क्रीमने दुकानातला जॅम-खोबऱ्याचा आणि लोण्याचा केक बाजूला सारला, यात नवल नाही.

याची एक किंमत होती. तेल अर्धवट घट्ट केले की त्यात ट्रान्स फॅट तयार होतात आणि ते हृदयाला घातक ठरतात. भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने तेल व चरबीतील ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली. तेल पूर्ण घट्ट केले तर ट्रान्स फॅट जवळपास उरत नाहीत, संपृक्त चरबी मात्र राहते. पाकिटावर दोन्ही आकडे छापलेले असतात. ते वाचायला अर्धा मिनिट लागतो.

एवढी पार्श्वभूमी असली की प्रत्यक्ष काम सोपे होते. पहिली अडचण क्रीम न फुगण्याची. दुधाची साय फेटून उभी राहायची तर तिच्यात सुमारे ३५ टक्के स्निग्धांश लागतो. किराणा दुकानात 'फ्रेश क्रीम' म्हणून मिळणाऱ्या छोट्या डब्यात साधारण २५ टक्के असतो. तो कितीही फेटा, उभा राहणार नाही. तो ग्रेव्हीसाठी आहे. वनस्पतीजन्य क्रीम घेतले तर ते फ्रीजमध्ये पूर्ण वितळू द्या, पण थंडच फेटा, भांडेही थंड ठेवा. लोण्याचे आयसिंग करायचे तर १०० ग्रॅम बिनमिठाचे लोणी मऊ करून फेटा, त्यात २०० ग्रॅम आयसिंग शुगर दोन-तीन वेळा चाळून घाला, शेवटी चमचाभर दूध. पावाला लावायचे पिवळे लोणी खारट असते, आणि घरच्या ताज्या लोण्यात पाणी व आंबटपणा जास्त असतो, म्हणून दोन्ही टाळा. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळते. बेंगळुरूत हे आयसिंग टेबलावर तग धरते. नागपूर किंवा चेन्नईच्या मे महिन्यात नाही. तिथे समारंभाच्या अगदी आधी केक फ्रीजबाहेर काढा, किंवा सरळ जॅम-खोबऱ्याचा करा.

दुसरी अडचण चुऱ्याची. गरम केकवर आयसिंग लावू नका. केक पूर्ण थंड होऊ द्या, शक्यतो आदल्या दिवशी भाजा. वरचा फुगवटा लांब सुरीने कापून सपाट करा आणि केक उलटा ठेवा. तळाची बाजू आपोआप सपाट असते, तीच वर घ्या. आधी आयसिंगचा अगदी पातळ थर लावून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. भिंतीला आधी प्राइमर मारतात तसाच हा थर. चुरा त्यात अडकतो आणि दुसरा थर स्वच्छ बसतो. फिरते टेबल नसेल तर पालथ्या वाटीवर ताट ठेवा. पायपिंग बॅग नसेल तर जाड प्लास्टिकच्या स्वच्छ पिशवीचा कोपरा कापा. मेंदीचा कोन ज्यांना धरता येतो त्यांना हे वेगळे शिकवावे लागत नाही. फुले काढण्याचा हट्ट पहिल्या केकला नको. कडेने ठिपक्यांची एक रांग, मध्ये नाव, बाजूला भाजलेल्या काजूचा चुरा, आणि घरात उरला असेल तर थोडा हलवा. दहा माणसांच्या समारंभाला एवढे पुरते.

२०२० च्या टाळेबंदीत बेकऱ्या बंद असताना असंख्य घरांत केक होऊ लागले आणि अनेक स्त्रियांनी, विद्यार्थिनींनीही, त्याचा छोटा व्यवसाय केला. तुम्हीही विकणार असाल तर अन्न सुरक्षा कायदा २००६ आणि त्याखालील २०११ चे नियम तुम्हाला लागू होतात. लहान उलाढाल असणाऱ्यांसाठी त्या नियमांत साधी नोंदणी ठेवली आहे. शेजाऱ्यांकडून पैसे घेऊन दिलेला केक हाही व्यवसायच असतो.

नियमांचे कारण रंगांत दिसते. ऑक्टोबर २०२४ मध्ये कर्नाटकाच्या अन्न सुरक्षा विभागाने बेंगळुरूतल्या बेकऱ्यांतून घेतलेल्या केकच्या २३५ नमुन्यांचा निष्कर्ष जाहीर केला. २२३ सुरक्षित निघाले आणि १२ नमुन्यांत कृत्रिम रंग घातक प्रमाणात आढळले. त्यात रेड व्हेल्वेट आणि ब्लॅक फॉरेस्ट या प्रकारांचा विशेष उल्लेख होता. घरी लाल रंग हवा असेल तर बिटाचा रस चालतो, पण केकच्या पिठात नव्हे. भट्टीच्या उष्णतेने आणि सोड्यामुळे तो तपकिरी पडतो. आयसिंग भाजायचे नसते, म्हणून तिथे तो टिकतो. रस आधी मंद आचेवर आटवून गार करा. वाटीभर आयसिंगला अर्धा चमचा पुरे. त्याहून जास्त घातला तर रसातल्या पाण्याने आयसिंग सैल होते आणि लिहिलेले नाव ओघळते.